उभ्या गाडीला ठोकून पळालेल्याचा माग कसा काढायचा?

सांजवात
नमस्कार मंडळी. आज सकाळी कामाला निघाले आणि गाडीपाशी येऊन हातपायच गळाले. काल रात्री साडेदहाला रस्त्याच्या डाव्या कडेला, पांढऱ्या पट्टीच्या आत, मी स्वतः गाडी लावली होती. आज बघते तर मागचं उजवं दार आत चेपलेलं, तिथून पुढच्या दारापर्यंत बोटभर रुंदीचा ओरखडा, आणि उजवा आरसा वायरला लोंबकळतोय. कोणी चिठ्ठी ठेवलेली नाही, आसपास कोणी काही पाहिलेलं नाही. पोलिसांना सांगू, विम्याला सांगू की आधी गॅरेजला नेऊ? ज्याने हे केलं त्याच्याकडून भरपाई मिळवायचीच असेल तर सुरुवात कुठून करायची? गाडीचे हप्ते अजून चालू आहेत, त्यामुळे जीव जास्तच तुटतोय. अनुभव असलेल्यांनी प्लीज लिहा.

मैलाचा_दगड
ताई, मी बरीच वर्षं मोटार विम्याचा सर्व्हेअर, म्हणजे गाडीच्या नुकसानीची पाहणी करणारा, होतो. आधी एक करा, गाडी जागची हलवू नका आणि धुऊ तर अजिबात नका. खाली वाका आणि गाडीच्या पुढेमागे पंचवीस-तीस पावलं रस्ता बघा. असा धक्का बसला की समोरच्या गाडीचंही काहीतरी पडतंच. आरशामागचं कव्हर, इंडिकेटरची काच, बंपरची क्लिप, काहीही. झाडूवाले येऊन गेले तर ते कचऱ्यात जाईल, म्हणून आत्ताच जा. जे सापडेल त्याचा जागेवरच, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, मगच उचला. कागदी पाकिटात घाला, वर तारीख-वेळ लिहा.

रंगारी
डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो, म्हणून काकांच्या सांगण्यात भर घालतो. ओरखड्यावर बोट फिरवून, थुंकी लावून बघायचा मोह होतो सगळ्यांना, तो टाळा. तुमच्या गाडीचा रंग निघून खालचा प्रायमर दिसतोय की वर दुसराच रंग चिकटलाय, हे उन्हात तिरक्या कोनातून नीट दिसतं. दुसरा रंग असेल तर तो त्याच्या गाडीचा. गॅरेजमध्ये पोरं आल्या आल्या रबिंग कंपाउंड मारतात आणि दोन मिनिटांत तो पुरावा फडक्यावर जातो. ओरखड्याची जमिनीपासूनची उंचीही मोजा, सर्वांत खालची आणि सर्वांत वरची. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली झुकतं, म्हणून बोट-दोन बोटं फरक धरायचा. पण कार होती की टेम्पो, हे उंचीवरून लगेच कळतं.

सांजवात
धन्यवाद! कामावर उशिरा येते म्हणून कळवलं आणि परत खाली गेले. पुढच्या गाडीच्या चाकाशी, गटाराच्या जाळीवर, काळपट हिरव्या रंगाचं तळहाताएवढं कव्हर सापडलं. आरशाचंच वाटतंय, एक कड फुटलेली आहे. आतून काळं प्लास्टिक, त्यावर उठावात इंग्रजी अक्षरं आणि आकडे. 'एलएच' स्पष्ट वाचता येतंय. शेजारी घड्याळासारखं एक छोटं वर्तुळ आहे, कडेने १ ते १२ आकडे आणि मध्ये बाण. हे काय असतं? आणि हो, माझी गाडी रुपेरी आहे, पण मागच्या दारावर तोच हिरवा रंग लागलाय.

मैलाचा_दगड
शाब्बास! एलएच म्हणजे लेफ्ट हँड, डावी बाजू. तुमची गाडी डाव्या कडेला, तो उजवीकडून पुढे गेला, त्याचा डावा आरसा तुमच्या उजव्या आरशाला लागला. जुळतंय. त्या आकड्यांत सुट्या भागाचा क्रमांक असतो, त्यावरून कोणत्या मॉडेलचा आरसा ते कंपनीच्या स्पेअर पार्टवाल्याकडे कळेल. ते वर्तुळ साच्याची तारीख आहे. बाण ज्या आकड्याकडे तो महिना, मधले दोन अंक म्हणजे वर्ष. भाग त्या महिन्यात ओतला. गाडी साधारण त्यानंतर काही महिन्यांत बनून रस्त्यावर येते, अर्थात कव्हर नंतर बदललेलं नसेल तर.

भिरभिरं
सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाका ना! 'हिरवी गाडी, डावा आरसा फुटलेला, कोणाला दिसली तर कळवा.' दोन तासांत सापडेल.

कलमदान
भिरभिरं, तळमळ समजते, पण मी वकील म्हणून सांगते, हे नका करू. चुकीच्या माणसाची गाडी व्हायरल झाली तर बदनामीचं प्रकरण उलट ताईंवर येईल. आणि गाडी बरोबर असली तर ज्याला सावध व्हायला नको तोच आधी सावध होईल. आरसा बदलायला असा कितीसा वेळ लागतो?

सांजवात, आता कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३४. माणूस जखमी झाला तरच चालकाने कळवायचं असा सर्वत्र गैरसमज आहे. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तरीही पोलीस हजर नसतील तर चालकाने जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, आणि काही झालं तरी २४ तासांच्या आत माहिती द्यायची असते. आपल्या विमा कंपनीलाही लेखी कळवायचं असतं. न कळवल्यास कलम १८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमच्या अर्जात हे कलम नावानिशी लिहा. अर्ज दोन प्रतींत न्या आणि एका प्रतीवर शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका.

सांजवात
ठाण्यात जाऊन आले. 'गाडी उभी होती, कुणाला लागलं नाही, एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) देतो' म्हणाले. एनसी मिळाली. अंमलदार वागायला चांगले होते, पण पुढे काही होईल असं वाटलं नाही. एनसीने काही उपयोग होतो का?

कलमदान
होतो. विम्याला चालते, तारीख पक्की होते. अडचण एवढीच की अदखलपात्र गुन्ह्यात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७४. म्हणजे ते टाळाटाळ करत होते असं नाही, त्यांचेही हात बांधलेले आहेत. मात्र गाडी माणसांच्या जिवाला धोका होईल अशी बेदरकार चालवली होती हे दिसलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ लागतं आणि ते दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकतात. तेव्हा सगळा भार आता फुटेजवर आहे.

तिसरा_डोळा
सीसीटीव्ही बसवण्याचं काम करतो. ताई, आजच हालचाल करा. डीव्हीआरची (चित्रण साठवणाऱ्या यंत्राची) हार्ड डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसून त्यावर नवं चढतं. कुठे महिना टिकतं, कुठे आठवडाही नाही, कॅमेरे किती आणि डिस्क केवढी त्यावर सगळं. आधी फक्त चित्रण राखून ठेवायची विनंती करा, बघत बसायचं काम नंतर. सोसायटीच्या सेक्रेटरींना एनसीची प्रत जोडून लेखी द्या, म्हणजे त्यांनाही आधार राहतो.

पडद्यावरच्या वेळेवर विश्वास ठेवू नका. घड्याळ हमखास मागेपुढे असतं. तुम्ही समोर उभ्या असतानाच मोबाइलवरची खरी वेळ आणि पडद्यावरची वेळ एकाच फोटोत घ्या. त्या फरकाशिवाय दोन ठिकाणची चित्रणं एकमेकांशी जुळवता येत नाहीत.

अजून एक. मॉनिटरचं मोबाइलने शूटिंग करून आणू नका. मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या.

कलमदान
अगदी बरोबर. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ नुसार अशा फाइलसोबत प्रमाणपत्र लागतं, भाग अ पक्षकाराचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदलली की बदलणारा तिचा ओळख-आकडा) नोंदवायची असते. फाइल एकदा घेतली की तिला हात लावू नका, कापाकापी नको, उजेड वाढवणं नको. बघायला वेगळी प्रत करा.

सांजवात
दोन दिवस हेच चाललंय. समोरच्या इमारतीचं घड्याळ तब्बल २३ मिनिटं पुढे निघालं! त्यांच्या चित्रणात ११:५८ ला गाडी येते, म्हणजे खरे ११:३५. रस्त्याच्या मधून दोघं चालत होते, गाडीचा वेग एवढा की ते अक्षरशः उडी मारून बाजूला झाले. मग गाडी डावीकडे झुकली आणि माझ्या गाडीला घासत गेली. ब्रेक लाइट क्षणभर लागले, विझले, आणि निघून गेला. थांबला असता ना, तर मी एवढी चिडले नसते. तो क्षण मी दहा वेळा बघितला.

पण नंबरप्लेटच्या जागी नुसता पांढरा चौकोन आहे. काहीच वाचता येत नाही.

तिसरा_डोळा
रात्रीचा कॅमेरा इन्फ्रारेड उजेड टाकतो. प्लेटचा पृष्ठभाग प्रकाश परावर्तित करणारा, त्यामुळे ती पांढरीफटक दिसते. त्या चित्रणातून नंबर काढण्याचा हट्ट सोडा, पिक्सेलमध्ये नसलेली माहिती कुठलंही सॉफ्टवेअर आणून देत नाही. गाडी गेली त्या दिशेने पुढचे कॅमेरे शोधा. वेग कमी होतो अशी जागा बघा, गतिरोधक, वळण, एखादं फाटक. तिथे रस्त्यावरचा दिवाही असेल तर उत्तमच. आणि मागून घेतलेलं दृश्य मिळवा, समोरून हेडलाइटचा झोत येतो.

सागरपार
मी ब्रिटनमध्ये असतो, इथेही पार्किंगमध्ये माझ्यासोबत असंच घडलं होतं. इथल्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्ट १९८८ च्या कलम १७० मध्येही २४ तासांचीच मर्यादा आहे. कायद्याचं सालही तेच, हा योगायोग वाटला. इथे नंबर मिळाला की मोटर विम्याच्या डेटाबेसवरून समोरच्याची विमा कंपनी शोधता येते, आणि सबळ कारण असेल तर डीव्हीएलएकडे (इथल्या वाहन नोंदणी खात्याकडे) व्ही८८८ अर्ज करून गाडीच्या नोंदणीकृत धारकाचं नाव मागता येतं. पण गाडीच सापडली नाही तर हाल. विमा नसलेल्या किंवा न सापडलेल्या गाड्यांसाठी मोटर इन्शुरर्स ब्युरो आहे, तरी अनोळखी गाडीने केलेल्या निव्वळ मालमत्तेच्या नुकसानीला ते पैसे देत नाहीत, सोबत कुणाला गंभीर इजा झालेली असावी लागते. भारतात असा काही निधी आहे का?

कलमदान
आहे, पण गाडीसाठी नाही. १ एप्रिल २०२२ पासूनच्या हिट अँड रन योजनेत मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात. पत्र्याच्या नुकसानीला एक रुपयाही नाही. म्हणूनच इथे गाडीचा माग लागणं एवढं महत्त्वाचं आहे.

सांजवात
मिळाला, म्हणजे जवळजवळ! गतिरोधकापाशी एका दुकानाचा कॅमेरा होता. तिथे गाडी मंदावली, आणि डावा आरसा मोडलेला आहे हे स्पष्ट दिसलं. नंबरचा एक अंक मात्र ३ की ८ कळत नाही, आणि मालिकेतलं एक अक्षर ओ सारखं दिसतंय.

कलमदान
मालिकेत ओ आणि आय ही अक्षरं देत नाहीत, शून्य आणि एक यांच्याशी गोंधळ होतो म्हणून. तेव्हा ते डी किंवा क्यू असणार. दोन अक्षरं गुणिले दोन अंक, चारच नंबर झाले. एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर चारही टाकून बघा. मालकाचं नाव फुल्या मारून येतं, पण मॉडेल आणि नोंदणीची तारीख कळते. विमा कधीपर्यंत आहे तेही दिसतं.

सांजवात
चारपैकी एक दुचाकी, एक ट्रॅक्टर, एक नंबर सापडतच नाही. चौथी तीच! स्पेअर पार्टवाल्याने सांगितलं होतं तेच मॉडेल, आणि नोंदणी त्या कव्हरवरच्या महिन्यानंतर चार महिन्यांनी झालेली. हात थरथरत होते टाइप करताना.

खरं सांगते, आज संध्याकाळी भावाला घेऊन गाडी शोधायला निघायचा विचार होता. आरटीओचा कोड जवळचाच आहे.

मैलाचा_दगड
नको. मनापासून सांगतो, नको. तिथे बाचाबाची झाली तर तुमच्याच विरुद्ध तक्रार होईल, आणि गाडी दुसऱ्या दिवशी रंगून तयार. असं झालेलं पाहिलंय मी. शिवाय तुम्हाला गाडी सापडेल, चालक सापडणार नाही. मालक म्हणेल, मी नव्हतोच चालवत.

कलमदान
काकांना शंभर टक्के अनुमोदन. चालक कोण होता हे मालकाला विचारायचा अधिकार पोलिसांना आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ नुसार, आणि उत्तर न देणं हाही गुन्हा आहे. तुमच्या हक्काचं म्हणजे त्याच कायद्याचं कलम १६०. भरपाई मागणाऱ्याने मागितल्यास ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने किंवा नोंदणी प्राधिकाऱ्याने ठरलेलं शुल्क घेऊन गाडीची माहिती आणि त्या वेळी ती वापरणाऱ्याचं नाव-पत्ता द्यायचा असतो. हे कलम फार कमी लोकांना ठाऊक आहे. ते दोघं उडी मारून वाचले ते चित्रण घेऊन ठाण्यात जा आणि कलम २८१ खाली गुन्हा नोंदवण्याची लेखी मागणी करा. नाहीच घेतला तर पोलीस अधीक्षकांकडे अर्ज आणि त्यानंतर न्यायालय, हा मार्ग नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच दिलेला आहे.

अनामवाट
बरेच दिवस हा धागा नुसता वाचतोय. आज लिहितो. काही वर्षांपूर्वी मीही एका उभ्या गाडीला ठोकून निघून गेलो होतो. रात्र होती, बाजूला वडील बसलेले, त्यांची तब्येत ठीक नव्हती. त्यांना घरी पोचवलं, पण झोप आली नाही. पहाटे परत गेलो तर ती गाडी तिथे नव्हती. तीन दिवस जात राहिलो, चौथ्या दिवशी सापडली. मालक दार उघडून बाहेर आले तेव्हा मला बोलता येईना. त्यांनी माझं ऐकून घेतलं, मी पैसे भरले. हे सांगायचं कारण, ठोकणाराही कधीकधी त्या जागी पुन्हा येतो. तुमच्या रस्त्यावरचं पुढच्या दोन-तीन दिवसांचं चित्रणही राखून ठेवा.

तिसरा_डोळा
अनामवाट, हे लिहिल्याबद्दल आभार. ताई, त्यांचं ऐकाच.

सांजवात
अनामवाट, तुमचं वाचून थोडा राग निवळला, खरंच. पुढच्या तीन दिवसांचं चित्रण राखून ठेवायला सांगितलंय.

आज गुन्हा नोंदवला गेला. फुटेज बघून अधिकारी स्वतःच म्हणाले, 'हे दोघं वाचले नशिबाने.' आता प्रश्न विम्याचा. माझ्या पॉलिसीवर क्लेम करून टाकू की त्याच्याकडून मिळेपर्यंत थांबू? पाचेक वर्षं एकही क्लेम केलेला नाही.

मैलाचा_दगड
म्हणजे तुमचा एनसीबी (नो क्लेम बोनस, क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ५० टक्क्यांवर पोचलाय. तो २०, २५, ३५, ४५, ५० असा चढतो, आणि एका क्लेमने पुढच्या नूतनीकरणाला शून्यावर येतो. परत ५० व्हायला पुन्हा पाच वर्षं. एनसीबी प्रोटेक्शनचं अ‍ॅड-ऑन घेतलं असेल तर गोष्ट वेगळी, पॉलिसी काढून बघा. ही सूट फक्त ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावर असते, थर्ड पार्टीच्या (दुसऱ्याच्या नुकसानीच्या) नाही. तेव्हा गॅरेजचं अंदाजपत्रक घ्या, पुढच्या पाच वर्षांत जाणारी सूट कागदावर मांडा आणि तुलना करा.

झिरो डेप (घसारा न कापण्याचं अ‍ॅड-ऑन) नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांना ५० टक्के घसारा कापला जातो, म्हणजे आरशाचे निम्मे पैसे तुमच्याच खिशातून. पत्र्याला गाडीच्या वयाप्रमाणे घसारा लागतो. काचेला नाही. शिवाय सक्तीची वजावट, म्हणजे दर क्लेमला तुम्ही स्वतः भरायची रक्कम, आहेच, १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यावर २,०००.

क्लेम करायचा की नाही हे नंतर ठरवा, पण घटना कंपनीला आजच कळवा. उशिरा कळवलं म्हणून अडवणूक होते.

कलमदान
समोरच्याकडून घ्यायचे तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. तिथे जखमींचेच दावे चालतात असं लोकांना वाटतं, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १६५ मध्ये त्रयस्थाच्या मालमत्तेचं नुकसानही आहे. बहुतेक खासगी मोटारींच्या पॉलिसीत त्रयस्थ मालमत्तेसाठी साडेसात लाखांपर्यंतचं संरक्षण असतं. अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा, ही मुदत १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तुम्ही राहता त्या हद्दीतही अर्ज चालतो.

एकाच नुकसानीचे दोनदा पैसे घेता येत नाहीत. पण स्वतःच्या विम्यातून क्लेम केला तरी घसारा आणि वजावटीची जी रक्कम तुम्ही खिशातून भरली ती समोरच्याकडे मागता येते. आणि तो तडजोडीला आला तर 'पूर्ण व अंतिम भरपाई मिळाली' असं काहीही लिहून देऊ नका, आधी आपल्या विमा कंपनीची लेखी संमती घ्या. तुम्हाला पैसे देऊन झाल्यावर ते त्याच्याकडून वसूल करायचा कंपनीचा हक्क असतो, तो तुमच्या सहीने बुडाला तर तुमचाच क्लेम अडकतो.

सांजवात
नवीन अडचण. मालक म्हणतो, गाडी वर्षभरापूर्वीच विकली, माझा काही संबंध नाही. नोंदणी मात्र अजून त्याच्याच नावावर.

कलमदान
घाबरू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलंय की नोंदणीत ज्याचं नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. आरटीओत हस्तांतर होईपर्यंत त्याची जबाबदारी सुटत नाही. दाव्यात त्याला, ज्याने गाडी घेतली त्याला, चालकाला आणि विमा कंपनीला, चौघांनाही प्रतिवादी करा.

(गाडी विकणाऱ्या सगळ्यांनी हे वाचा. नुसत्या सह्या केलेले फॉर्म हातात देऊन मोकळे होऊ नका, नाव बदलल्याचा पुरावा बघा.)

रंगारी
ताई, ती गाडी बघायला मिळाली का? आरसा नवा लावला असला तरी त्याच्या डाव्या बाजूला तुमचा रुपेरी रंग राहिलेला असणार. दाराच्या सांध्यात, हँडलच्या खाली बघायला सांगा. तिथे पॉलिशचं फडकं पोचत नाही.

सांजवात
रंगारी, तुमचं म्हणणं तपास अधिकाऱ्यांना सांगितलं होतं. आज त्यांनी फोन केला. गाडी मिळाली, नव्या मालकाच्या मुलाने चालवली होती, एकोणीस वर्षांचा आहे. आरसा बदललेला नव्हता, नुसती चिकटपट्टी गुंडाळून ठेवली होती. पंचांसमोर पट्टी सोडवली आणि माझ्याकडचं कव्हर तिथे धरलं. फुटलेली कड कडेला अशी बसली की मधली रेघसुद्धा दिसेना. हँडलच्या खाली रुपेरी रंगही सापडला. मुलाचे वडील खाली मान घालून उभे होते. मुलगा माझ्याकडे बघून 'काकू, मी घाबरलो होतो' एवढंच म्हणाला. मी काही बोलले नाही, काय बोलावं सुचलंच नाही.

वडील सगळा खर्च द्यायला तयार आहेत. कलमदान, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी कशावरही सही केलेली नाही, विमा कंपनीला आजच पत्र दिलं. सहा महिन्यांतले पाच अजून हातात आहेत. कव्हर मुद्देमालात जमा झालं, त्याची पावती आणि पंचनाम्याची प्रत मागितली आहे. गाडी सर्व्हे होऊन परवा गॅरेजला जातेय. रंगारी, मागचं दार ठोकून सरळ करतो म्हणतायत, बदलायची गरज नाही. ते टिकेल ना?

रंगारी
घडीची रेघ, म्हणजे दाराच्या पत्र्यावरची उठावाची आडवी रेघ, मोडली नसेल तर टिकेल. दाराची आतली चौकट मात्र उघडून बघायला लावा, आणि रंग मारायच्या आधी एकदा पाण्याचा फवारा मारून रबरातून गळतंय का ते तपासा. फोटो टाका, सांगतो.